मे महिन्यातली पार्सलची अंडी : ६० मधून २७



उन्हाळी धान कापून झाला, मळणी आटोपली, बांध्या रिकाम्या पडल्या. मागचे तीन आठवडे धानावर काही लिहिलं नाही, कारण मी अंड्यांत गुंतलो होतो. आज त्याचा हिशोब मांडतो. थोडं लांब होईल, पण ज्यांच्या घरी उबवणीचं मशीन आहे किंवा जे घ्यायचा विचार करून राहिले त्यांनी पूर्ण वाचावं.

आमच्या सुनेच्या बचत गटात दहा बाया आहेत. प्रत्येकीनं ३०० रुपये काढले अन् मध्य प्रदेशातल्या झाबुआकडून कडकनाथची ६० अंडी कुरिअरनं मागवली. अंडं ४० रुपयाला एक, म्हणजे २४००. पॅकिंग अन् भाडं ६००. मशीन माझ्याकडे आहे, १०० अंड्यांचं, आत पंखा असलेलं, म्हणून उबवायचं काम माझ्याकडे आलं. शेवटी पिल्लं निघाली २७. गटाच्या बैठकीत बोलाचाली झाली. काही बाया म्हणाल्या, पाठवणाऱ्यानं बासी अंडी दिली, भाऊजी, तुम्ही त्याचं नाव टाकून लिहा. एक-दोघींनी मशीनकडे बोट केलं, तोंडावर नाही पण ऐकू येईल असं. मजुरीतून काढलेले ३०० रुपये आहेत ते, त्यामुळे कोणी चिडलं तं मला त्यात चूक वाटत नाही. पण नाव टाकायच्या आधी खराब अंडी फोडून पाहिली पाहिजे असं मी म्हटलं, अन् एक-एक फोडून पाहिलीही.

कडकनाथच काऊन, असं कोणी विचारेल. काळ्या मासाच्या कोंबडीला भाव आहे, झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नाव अजूनच वाढलं. २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याचं प्रकरणही आपण सगळ्यांनी वाचलं. त्यामुळे बाया पिल्लं विकत घेऊन कोणाशी करार करायच्या भानगडीत न पडता स्वतःची अंडी उबवून स्वतःचा कळप करायचा, असं ठरवून होत्या. विचार चांगला आहे. या जातीची कोंबडी खुडूक होऊन नीट बसत नाही, म्हणून मशीन तरी लागते नाही तं गावरान कोंबडीच्या पोटाखाली घालावी लागतात.

पार्सल ६ मे ला तिकडून निघालं. १० मे ला दुपारी दोन वाजता आमच्या दारात आलं. मध्ये शनिवार-रविवार धरून ते कुठल्या तरी गोदामात पडून होतं, कुठल्या ते मला माहीत नाही अन् कोणाचं ते इथं लिहायचंही नाही. डबा उघडला तेव्हा आत तापमापी घातली, ३८ दाखवलं. माणसाला ताप असल्यासारखी अंडी गरम. तीन फुटलेली, दोन केसासारखी तडकलेली. राहिली ५५.

आता मुख्य गोष्ट. आपण समजतो की अंडं म्हणजे कोरडं बियाणं, मशीनमध्ये घातलं की उगवायला सुरुवात होते. तसं नाही. कोंबडीच्या अंगाचा ताप ४१ डिग्रीच्या आसपास. अंडं तयार होताना दिवसभर त्या उबेत असतं, म्हणून बाहेर पडतं तेव्हाच आत जीवाची सुरुवात झालेली असते. बाहेर थंडावा मिळाला की तो झोपी जातो. साधारण २०-२१ डिग्रीच्या खाली तो झोपलेला राहतो, म्हणून हॅचरीवाले उबवणीची अंडी १५ ते १८ डिग्रीत ठेवतात अन् आठवड्याच्या आत मशीनला लावतात. २७-२८ च्या वर गेलं की तो अर्धवट जागा होतो. वाढतो, पण नीट नाही. रात्री गाडीत ३० डिग्री, दुपारी टपावर ऊन तापलं की ४२, पुन्हा रात्री ३०. असं चार दिवस. आपल्या भाषेत सांगायचं तं पऱ्ह्यासाठी भिजवलेल्या धानाला मोड फुटला अन् मग पोतं उन्हात सुकलं. त्याला पुन्हा किती पाणी दिलं तरी तो दाणा उठत नाही.

हे मी पुस्तकातून सांगून राहिलो असं समजू नका, फोडल्यावर डोळ्यानं दिसतं. ते खाली येतंच.

अंडी हाती आल्यावर सगळीकडे सल्ला मिळतो की २४ तास टोक खाली करून खोलीत ठेवा. कारण रस्त्यात धक्के बसून अंड्याच्या बोथट बाजूचा हवेचा कप्पा सुटतो, उजेडावर धरलं की आतला बुडबुडा हलताना दिसतो. तो बसायला वेळ द्यावा लागतो. सल्ला खरा आहे, पण तो ज्यांच्या खोलीत २० डिग्री असते त्यांच्यासाठी. आपल्या तुमसरात १० मे ला दुपारी कौलारू खोलीत ३६-३७ अन् टिनाच्या शेडमध्ये ४५ च्या वर. त्या खोलीत २४ तास ठेवणं म्हणजे पार्सलचा पाचवा दिवस. फ्रिजमध्ये ठेवलं तं बाहेर काढताच अंड्याला घाम येतो, कवचाच्या बारीक छिद्रातून घाणीसकट पाणी आत ओढलं जातं. अन् घरातलं फ्रिज ४-५ डिग्रीचं, ते जास्तच थंड.

मी माठात माठ केला. मोठ्या रांजणात वाळू, वाळू ओली, त्यात लहान माठ, वरून ओला बारदाना. कोरड्या हवेत हा प्रकार चांगला चालतो, आतला माठ २५-२६ वर आला. अंडी आधी तासभर सावलीत ठेवली अन् मग ट्रेसकट टोक खाली करून माठात उतरवली. पण २४ तास नाही, माझ्या मतानं १२ तास पुरे, कारण ज्या अंड्यांत जीव जागा झाला होता त्यांना आणखी ताटकळत ठेवणं बरं नव्हतं. कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा पशुवैद्यक विद्यापीठातल्या जाणकारांचं वेगळं मत असेल तं जरूर सांगावं.

११ तारखेला सकाळी उजेडावर पाहणी केली. ५५ पैकी ११ अंड्यांचा कप्पा हलत होता. आमच्याकडे एकच खुडूक कोंबडी तयार होती, तिच्याखाली चांगल्या कप्प्याची १२ घातली. बाकी ४३ मशीनमध्ये. हलणारी ११ सगळी मशीनमध्येच गेली. हे लक्षात ठेवा, शेवटी तुलना करताना लागेल. मशीनची फिरवायची मोटर पहिले दोन दिवस बंद ठेवली, अंडी टोक खाली करून सरळ उभी. तिसऱ्या दिवसापासून मोटर चालू.

मशीनची एक गोष्ट विकणारा सांगत नाही. त्यात गरम करायची सोय असते, थंड करायची नसते. आत ३७.५ ते ३७.८ ठेवायचं असतं. खोली २५ ची असली तं हीटर लागतो, बंद होतो, लागतो, असं करत बरोबर राहतं. खोली ४० ची झाली की हीटर बंदच, तरी आत ४० च्या वर. म्हणजे मशीन बिघडलं नाही, खोली बिघडली. शेडमध्ये मशीन ठेवणाऱ्यांनी मे महिन्यात हे एकदा करून पाहा, दुपारी तीनला रिकामं मशीन बंद करून आत तापमापी घाला.

म्हणून माझं मशीन मातीच्या भिंतीच्या, कौलाच्या खोलीत, अन् खिडकीला कूलर. दुपारी बाहेर ४४ असताना खोली २९ वर राहिली. कूलरचा झोत सरळ मशीनवर मारायचा नाही, भिंतीवर मारायचा. अन् कूलरचं पाणी संपलं की तो नुसता गरम पंखा होतो. आमच्याकडे दुपारी बाराला अन् चारला टाकी भरायची ड्युटी नातवाची होती, त्यानं एकदाही चुकवली नाही म्हणून त्याचं नाव इथं निघालं पाहिजे होतं, पण त्याची आई नको म्हणते.

आता ओलावा. कूलरमुळे खोलीत ६० टक्के दमटपणा झाला म्हणून कोणी म्हणेल, मग आत पाणी ठेवायची गरज नाही. उलट आहे. २९ डिग्रीची हवा आत जाऊन ३७.५ ला तापली की तीच ६० टक्क्यांची हवा ३५-३७ टक्क्यांवर येते. पहिल्या १८ दिवसांत आत ५० ते ५५ पाहिजे. स्वस्तातल्या दमटपणाच्या मीटरवर माझा भरवसा नाही, मी वजनाच्या काट्यावर चालतो. अंड्यातून पाणी उडून जातं अन् १८ व्या दिवसापर्यंत वजन ११ ते १३ टक्के कमी व्हायला पाहिजे. मी १० अंड्यांना खूण केली, त्यांचं वजन ४५० ग्रॅम भरलं. १२ टक्के म्हणजे ५४ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ३ ग्रॅम. पाचव्या दिवशी मोजलं तं ४३० भरलं. ४३५ पाहिजे होतं. अंडी जास्त सुकत होती. खालच्या ट्रेऐवजी रुंद परात ठेवली, तीत ओला फडका उभा केला. पाण्याची खोली वाढवून काही होत नाही, पाण्याचा पसारा वाढवावा लागतो. नंतर हिशोब जागेवर आला. यात एखादं खूण केलेलं अंडं खराब निघून काढावं लागलं तं त्याचं वजन सुरुवातीच्या आकड्यातूनही वजा करायचं, नाही तं गणित फसतं.

सातव्या दिवशी, १८ मे ला, रात्री उजेडावर पाहिलं. मोबाईलचा टॉर्च अन् पुठ्ठ्याला पाडलेलं भोक, एवढंच लागतं. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. मशीनमधली १६ काढावी लागली. हीच ती अंडी ज्यांवरून गटात भांडण झालं. बायांना बोलावलं अन् सगळ्यांसमोर ताटलीत एक-एक फोडली. पिवळ्या बलकावर एक पांढरा ठिपका असतो. ठिपका लहान, भरीव, जशाचा तसा असला तं अंडं फळलेलंच नाही, कोंबडा लागला नव्हता. अशी निघाली ५. बाकी ११ मध्ये लाल कडं, किंवा पैशाएवढा पांढरट पसरट डाग, म्हणजे जीव होता, सुरू झाला अन् दोन-तीन दिवसांच्या वाढीत मेला.

४३ मध्ये ५ न फळलेली ही काही फसवणूक नाही, चांगल्या कळपातही एवढी निघतात. पाठवणाऱ्यानं फळलेली अंडी दिली होती. मशीनमध्ये अकराच्या अकरा एकाच वेळी मेली असती तं मी मशीनवर घेतलं असतं, पण काहींची वाढ दीड दिवसाची, काहींची तीन दिवसांची, अशी वेगवेगळी. एकाच मशीनमध्ये एकाच वेळी लावलेल्या अंड्यांत असा फरक पडत नाही, डब्यात कोणतं अंडं कडेला होतं अन् कोणतं मधोमध त्यावर तो पडतो. एका काकूनं ताटली हातात घेऊन बराच वेळ पाहिलं अन् म्हणाली, मंग हे रस्त्यातच मेले. मी म्हटलं, रस्त्यात नाही तं रस्त्यामुळं. त्यानंतर नाव टाकायचा विषय निघाला नाही.

जुन्या काळी इजिप्तमध्ये मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवायचे, तापमापी नव्हती, माणूस अंडं स्वतःच्या डोळ्याच्या पापणीला लावून ताप ओळखायचा. मी लावून पाहिलं. पापणीला खरंच कळतं, तळहाताला कळत नाही. आपला तळहात नांगर, विळा धरून राठ झालेला.

आता नवतपा. ११ मे ला लावलेली अंडी २५ मे ला चौदाव्या दिवसावर आली, म्हणजे नवतपा लागला त्याच दिवशी. पहिल्या आठवड्यात अंडं मशीनकडून ऊब घेतं. बाराव्या-तेराव्या दिवसानंतर आतलं पिल्लू मोठं झालेलं असतं, ते स्वतः उष्णता सोडतं. म्हणजे बाहेरचं ऊन सर्वात जास्त तेव्हाच आतलीही उष्णता वाढलेली. २६ तारखेला दोन वाजता लाईन गेली ती पाचला आली. खोली चढत ३४ वर गेली. लाईन गेली की मशीनवर गोधडी टाका असं व्हिडिओत सांगतात. थंडीत ठीक आहे. मे महिन्यात चौदा दिवसांच्या पुढच्या अंड्यांवर गोधडी टाकली तं पिल्लं आतल्या आत शिजतील, अन् पंखा बंद असल्यानं गुदमरतील ते वेगळं. मी झाकण चार बोटं उघडं केलं, खिडकीला ओला बारदाना लावला, जमिनीवर पाणी शिंपडलं अन् दर पंधरा मिनिटांनी पुठ्ठ्यानं वारा घातला. मधल्या अंड्याजवळची तापमापी ३८.६ च्या वर गेली नाही. उबवणीत थोडा वेळ थंड झालेलं अंडं सावरतं, ४० च्या वर तासन् तास राहिलेलं सावरत नाही. शंका असली तं गार बाजूनं चुका.

कोंबडीचं काय चाललं होतं तेही सांगतो. ती कोपऱ्यात, मातीच्या जमिनीवर, टोपल्यात खाली ओलसर वाळू अन् वर तणस, अशी बसलेली. टोपल्यात आमच्या म्हातारीनं विजेच्या कडकडाटासाठी लोखंडी खिळा अन् कोळसा ठेवला होता, तो मी काढला नाही. दुपारी कोंबडी चोच उघडून धापा टाकायची, अंड्यावरून थोडी उठून पंख सैल सोडून उभी राहायची. हीटरला बंद होता येतं, उठून उभं राहता येत नाही. तिच्या १२ पैकी सातव्या दिवशी ३ काढली, ९ राहिली, ८ पिल्लं निघाली.

मशीनमध्ये सोळा काढून २७ राहिली. अठराव्या दिवशी, २९ मे ला, पुन्हा पाहिलं, ४ मेलेली. २३ खालच्या जाळीवर आडवी ठेवली, फिरवणं बंद, परात दोन, दमटपणा ६५ च्या पुढे. ३० च्या रात्री, वेळेच्या दिवसभर आधी, पहिलं टोचलं. रस्त्यात सुरुवात झालेल्यांनी घाई केली. शेवटचं १ जूनच्या दुपारी निघालं. १९ पिल्लं. दोघांची नाळ ओली होती, काळ्या गुंडीसारखी, हे जास्त उष्णतेचं लक्षण. आयोडीन लावलं, वेगळ्या डब्यात ठेवली, जगली. अंड्याला चीर पडल्यावर ज्यांना मदत करायची घाई होते त्यांनी हात खिशात ठेवावे, आतलं रक्त कवचाच्या पडद्यातून पिल्लात ओढलं गेल्याशिवाय फोडलं तं पिल्लू जातं.

कोंबडीनं १२ मधून ८ अन् मशीननं ४३ मधून १९, म्हणून कोंबडी जिंकली असं लगेच म्हणू नका. तिला मी निवडलेली अंडी दिली होती, हलणारी अकरा मशीनकडे होती. त्या अकरातून दोनच पिल्लं आली. ती अकरा बाजूला केली तं मशीनचा हिशोब ३२ मधून १७ बसतो. तरी कोंबडी थोडी पुढे आहे, ते मान्य.

पैशाचं : ३००० भागिले २७, पिल्लू १११ रुपयाला पडलं. वीज अन् कूलरचं पाणी धरलं नाही. याच काळात एक दिवसाच्या पिल्लाचा मला सांगितलेला भाव ८० च्या आत होता. मागच्या जानेवारीत मी स्वतः कुरिअरनं ५० अंडी मागवली होती, त्यातली ३५ निघाली, मशीन तेच, खोली तीच. तेव्हा पार्सल उघडलं तं अंडी गार होती.

उन्हाळ्यातच पाहिजे असेल तं अंडी नका मागवू, एक दिवसाची पिल्लं मागवा. पिल्लू निघायच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन दिवस दाण्या-पाण्याशिवाय निघतात. धोनीनं रांचीच्या फार्मसाठी झाबुआहून कडकनाथ मागवले ते पिल्लंच होते, २००० पिल्लं, अंडी नाही. अर्थात पिल्लंही रात्रीच्या प्रवासानं आणा, दिवसाच्या गाडीत तीही गुदमरतात. दुसरा रस्ता, नागपूरला पशुसंवर्धन विभागाचं अंडी उबवणी केंद्र आहे, तिथं फोन करून काय उपलब्ध आहे ते विचारा अन् पहाटे निघून स्वतः आणा. देव्हाडीला, तुमसर रोडला, गाडी मिळते, अंड्याचा ट्रे मांडीवर घेऊन घरी पोचता येतं. मांडीवरच्या अंड्यांना जेवढे धक्के बसतात तेवढे चालतात.

पिल्लांना सातव्या दिवशी लासोटा दिला, पुढच्या लसीचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवलं आहे. घरी उबवलेल्या पिल्लांना हॅचरीतली पहिल्या दिवसाची मरेक्सची लस मिळालेली नसते, हे विकत घेणाऱ्याला सांगायला विसरू नका.

काल गटाची बैठक झाली. २७ पिल्लं दहा घरात वाटायची तं बरोबर बसत नाही. सात जणींना तीन-तीन अन् तिघींना दोन-दोन, चिठ्ठ्या टाकून. ज्यांना दोन मिळाली त्यांना पुढच्या खेपेत आधी उचलायचा हक्क. पुढची खेप दिवाळी झाल्यावर, कार्तिकात, अन् तेव्हा ६० नाही, ४० अंडी. सुनेनं वहीत तसं लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. तोवर कोणाकडे खुडूक गावरान कोंबडी असेल तं आम्हाला कळवा, दिवाळीनंतर दोन लागतील.